आंजीच्या व्हॅनचा तीन नंबरचा इंजेक्टर

“इंजेक्टर तरी गेला असेल, नाही तर ईसीएम. दोन्ही नागपूरहून मागवतो. बुधवार-गुरुवारपर्यंत येतील. लावून पाहू कशानं होते ते.”

आदल्या दिवशी गाडी पाहिलेला वर्ध्याच्या एका गॅरेजचा सुपरवायझर हे फोनवर बोलत होता. फोन पुष्पाताईंच्या हातात, स्पीकरवर. आम्ही आंजीत त्यांच्या अंगणात उभे होतो. शनिवार, दुपारचे दोन. समोर त्यांची व्हॅन चालू अवस्थेत उभी होती आणि हिवताप आल्यासारखी थरथरत होती.

“तपासलं काय तुम्ही?” मी मध्येच विचारलं.

“तुम्ही कोण?”

“ऑटो इलेक्ट्रिशियन. वर्ध्याचाच.”

“स्कॅनर लावला ना भाऊ. कोड आला ना. तीन नंबर इंजेक्टर.”

“कोड इंजेक्टर म्हणतो की इंजेक्टर सर्किट म्हणतो?”

“तेच ते.”

तेच ते नाही. याच दोन शब्दांवरून मी लोकांशी भांडत असतो. ‘आधी तपासा, मग बदला’ नावाचं एका पानाचं पत्रक मी स्वतः लिहून छापून घेतलं आहे. एसटी स्टँडवर आणि बाजाराच्या दिवशी ते वाटतो. वाटताना लोक विचारतात, कोणत्या पक्षाचं? कोणत्याच नाही. स्कॅनर लावायचा, पडद्यावर आलेलं नाव वाचायचं, तो पार्ट बदलायचा आणि याला निदान म्हणायचं, हा प्रकार मला सहन होत नाही. डॉक्टरनं ‘पोट दुखतंय’ एवढं ऐकून पोट बदलायला सांगितलं तर आपण ऐकू का? गाडीच्या बाबतीत ऐकतो. वर थँक्यू म्हणतो.

पण त्या दिवशी पुष्पाताईंना माझ्या पत्रकाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना सोमवार गाठायचा होता.

पुष्पाताई आंजीहून अकरा मुलं रोज वर्ध्याला शाळेत नेतात आणि परत आणतात. गावात बाई चालवते अशी ही पहिलीच शाळेची गाडी. सोमवारपासून मुलांची सत्र परीक्षा होती. व्हॅन गुरुवारी बिघडली. दोन दिवस पालकांनी मुलांना मोटरसायकलवर, एसटीनं, जमेल तसं पोचवलं. सोमवारी सकाळी व्हॅन चौकात आली नाही तर आर्वी रोडच्या एका दुसऱ्या गाडीवाल्याला मुलं द्यायची, असं त्यांचं ठरलं होतं. आणि मुलं एकदा दुसऱ्या गाडीत बसली की परत येत नाहीत, हे पुष्पाताईंना माहीत होतं. पार्ट येणार होते बुधवारी-गुरुवारी.

“भाऊ, सोमवारपर्यंत होईन का नाई, तेवढं सांगा. नसन होत तं तसं सांगा,” त्या म्हणाल्या.

“तपासल्याशिवाय सांगत नाही.”

“बरं. तपासा.”

आता थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. पेट्रोल गाडीत प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर असतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक तोटी. ती क्षणभर उघडते, पेट्रोलचा फवारा उडतो, बंद होते. ती कधी उघडायची हे ईसीएम ठरवतो. ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. इंजेक्टरला दोन वायरी येतात. एका वायरीवर बॅटरीची वीज कायम असते. दुसरी वायर ईसीएमकडे जाते. ईसीएम तिला क्षणभर अर्थिंग देतो, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडतो, तेवढ्यापुरती वीज इंजेक्टरमधून वाहते आणि तोटी उघडते. ही वीज, या दोन वायरी, मधले प्लग, इंजेक्टर आणि ईसीएम, सगळं मिळून सर्किट. कोड म्हणतो की या रस्त्यात कुठंतरी अडलं आहे. कुठं, ते तो सांगत नाही. ते शोधायला माणूस लागतो.

व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली, झाकण काढलं. माझ्याकडे एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक इंजेक्टरवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. चालणारा इंजेक्टर टिकटिक करतो. एक, दोन आणि चार टिकटिक करत होते. तीन नंबर गप्प होता. म्हणजे कोड खोटं बोलत नव्हता.

ओट्यावर पुष्पाताईंचे सासरे बसून होते. सत्तरीचे असतील. पुष्पाताई त्यांना मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. ते एकटक पाहत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. तेवढ्यात फाटकातून गजाननभाऊ आले. अकरापैकी दोन मुलं त्यांची, आणि पालकांच्या वतीनं बोलायचं कामही त्यांनीच घेतलेलं.

“झाली का पुष्पाबाई?”

“पाहून राह्यले भाऊ.”

“मी तं आंधीच म्हटलं होतं. गाडी चालवणं येगळं आन गाडी सांभाळणं येगळं. बाईमाणसाच्या हातात मशीन टिकत नाई.”

“तुमची मोटरसायकल मांगच्या महिन्यात दोनदा ढकलत आणली तुमी. तवा कोणाच्या हातात होती ते?”

गजाननभाऊ हसले. हसून म्हणाले, “सोमवारी सात वाजता चौकात पाहू मंग,” आणि गेले. पुष्पाताईंनी मला विचारलं, “भाऊ, खरंच चालवण्यानं असं होते का? मी गिअर चुकीचा टाकला असन, असं काही?”

“चालवण्यानं इंजेक्टरचं सर्किट जात नाही, ताई.”

“पक्कं?”

“पक्कं.”

आता मी काय केलं ते खरं सांगतो. मी आधीच ठरवून टाकलं की उंदीर आहे. माझ्या पत्रकातला पहिला मुद्दाच उंदरांचा. घरात धान्य, शेजारी गोठा, अंगणात गाडी, म्हणजे वायर कुरतडलेली असणार. मी वायरिंगवरची टेप उकलायला घेतली. दीड तास उकलत होतो. पाठ मोडली. एकही वायर कुरतडलेली नव्हती. दुसऱ्यांना ‘आधी तपासा’ सांगणारा मी, न तपासता उंदरावर आळ घेऊन बसलो होतो. पुन्हा टेप गुंडाळली आणि जे पहिल्यांदा करायचं ते करायला लागलो.

इंजेक्टरचे चारही प्लग काढले. मल्टिमीटर घेतला. हे वीज मोजायचं यंत्र. इंजेक्टरच्या आत तारेचं गुंडाळं असतं, ते तुटलं असेल तर मीटर सांगतो. चारही इंजेक्टरांचा आकडा सारखा आला, बारा ओहमच्या आसपास. तीन नंबर बाकीच्यांइतकाच धडधाकट.

“ताई, इंजेक्टर चांगला आहे. बदलायची गरज नाही.”

“मंग?”

“मग रस्ता पाहू.”

चावी फिरवली. तीन नंबरच्या प्लगमध्ये वीज येते का पाहिलं. मीटर म्हणाला, बारा व्होल्टच्या वर. पूर्ण. ईसीएमकडे जाणारी वायर मध्ये तुटली आहे का पाहिलं. मीटर वाजला, म्हणजे सलग आहे. इंजेक्टर चांगला. वीज येते. वायर सलग. मग राहिलं काय? राहिला ईसीएम.

मी बराच वेळ तिथं उकिडवा बसलो होतो. सुपरवायझरशी आपण मघाशी कशा आवाजात बोललो, ते आठवत होतं. शेवटी म्हणालो, “ताई, ईसीएम असू शकतो.”

पुष्पाताईंनी ओढणी खांद्यावर नीट घेतली. “म्हंजे तो म्हणे तेच.”

“तो न तपासता म्हणाला.”

“मले त्याच्यात काय फरक पडते, भाऊ? सोमवार तं गेलाच ना.”

त्यांनी फोन काढला. त्या दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर शोधत होत्या. आपणच त्याला सांगावं, म्हणजे मुलांची परीक्षा तरी चुकणार नाही, असं म्हणाल्या. मी म्हणालो, दहा मिनिटं थांबा. कशासाठी ते मलाही नीट माहीत नव्हतं. एवढंच डोक्यात होतं की ईसीएम बिघडला हे मी सिद्ध केलेलं नाही, बाकी काही उरलं नाही म्हणून त्याच्यावर ढकलतो आहे. अशा निदानाची मी पत्रकात टिंगल केली आहे.

आयटीआयला आमचे एक सर होते. ते मीटरला ‘साहेब’ म्हणायचे. साहेब कागद पाहून सांगतो, काम करून पाहत नाही. काम करून पाहायला बल्ब लागतो. माझ्या पेटीत इंडिकेटरचा एक जुना बल्ब आहे, त्याला दोन वायरी डाखलेल्या. बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. दुसरीचं टोक एक नंबरच्या प्लगमध्ये, विजेच्या पिनेला. बल्ब लख्ख पेटला. दोन नंबर, लख्ख. चार नंबर, लख्ख. तीन नंबरला बल्बची तार विडीच्या टोकाएवढी लाल झाली आणि विझली.

मी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच. मीटर लावला, बारा व्होल्ट. बल्ब लावला, अंधार.

“ताई, फोन ठेवा,” मी म्हणालो.

त्यांना समजावत होतो की मीटरला आकडा दाखवायला नावापुरती वीज पुरते. इंजेक्टर उघडायला भरपूर लागते. या वायरीत दाब आहे, पण धार नाही. हे सांगत असताना ओट्यावरून मामाजी पहिल्यांदा बोलले.

“वावरातल्या ड्रिपच्या नळीत कचरा अडकल्यावानी.”

“अगदी तसंच.”

“नळी टम्म फुगते. तोटीतून थेंब येत नाई.”

“तेच, मामाजी. आता कचरा कुठं आहे ते पाहायचं.”

प्लगच्या मागच्या बाजूला, जिथून वायर आत शिरते, तिथं रबराचं छोटं बूच असतं. पाणी आत जाऊ नये म्हणून. तीन नंबरचं बूच अर्धं बाहेर आलेलं होतं. ते काढलं. आतून हिरवी भुकटी पडली. तांबं सडलं की हिरवं होतं. पण हिरव्यासोबत पांढरंही होतं, मिठाच्या खरपुड्यांसारखं. वायरीत बारीक तारांचा जुडगा असतो. त्या सगळ्या सडून तुटल्या होत्या. एक तार तेवढी पिनेला चिकटून होती, केसाएवढी. त्या एका तारेवर मीटरचे बारा व्होल्ट येत होते. त्याच एका तारेनं मला अर्धा तास वेड्यात काढलं होतं.

मी पुष्पाताईंना दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“याच्यासाठी ते कॉम्प्युटर बदलणार होते?”

“हो.”

मला आता त्या सुपरवायझरला फोन करून बरंच काही ऐकवायचं होतं. वाक्यं तयार होती. पण आधी एक प्रश्न सुटत नव्हता. गाडी चार वर्षांची. पाण्याच्या चार थेंबांनी तांबं इतक्या लवकर सडत नाही. हे पांढरं काय आहे?

“ताई, सीट उचलून इंजिन कोणी धुतलं?”

“कोणीच नाई. बाहेरून मामाजी धुतात. आत मी थेंब जाऊ देत नाई. तसं सांगून ठेवलं आहे मी घरात.”

“पण धुतलं आहे. आणि साध्या पाण्यानं नाही.”

मामाजी ओट्यावरून उठले. मला वाटलं आत निघाले. ते मागच्या शेडमध्ये गेले आणि पाठीवरचा फवारणीचा पंप हातात धरून आले. कपाशीवर फवारतात तो, बॅटरीचा. माझ्यासमोर ठेवला.

“याच्यानं धुतली.”

मग तेच पुढे सांगू लागले. “पोळ्याच्या दिवशी धुतली पह्यले. औंदा जोडी विकली. पोळ्याले धुवाले दारात काहीच नव्हतं. मंग हिलेच धुतलं, हळद-कुंकू लावलं. तवापासून दर रविवारी धुतो. पुष्पा बाजाराले गेली का.”

“सीट उचलून?”

“बैलाचं पोट नाई धुवत का आपण?”

“पंपात काय होतं, मामाजी?”

“पाणीच होतं. खंगाळलता मी पंप.”

“त्याच्या आधी त्यात काय होतं?”

“इद्राव्य खत. कपाशीले मारलं होतं.”

“किती वेळा खंगाळला?”

मामाजींनी पंपाकडे पाहिलं. “एक डाव.”

पाण्यात विरघळणारं खत म्हणजे एक प्रकारचं मीठच. पोळ्यापासून दर रविवारी, पंपाच्या जोरानं, ते थेट इंजेक्टरच्या प्लगवर बसत होतं. तीन नंबरचं बूच त्या धारेनंच ढिलं झालं असणार. बाकीचे तीन प्लग मी उघडून पाहिले. पांढरं त्यांच्यावरही होतं, पण बुचं जागेवर होती म्हणून आत शिरलं नव्हतं. आणखी दोन महिने हा रविवारचा कार्यक्रम चालला असता तर चारही गेले असते.

पुष्पाताई म्हणाल्या, “मामाजी, गजाननभाऊ मले बोलून गेले तवा तुमी इथंच बसून होते.”

“होतो.”

“मंग?”

“पाण्यानं असं होते म्हून मले कुठं माहीत होतं?”

“आत पाणी नोका मारू म्हून मी सांगतलं होतं तुमाले.”

पुष्पाताई “चहा ठेवते” म्हणून आत गेल्या. मामाजी माझ्याजवळ येऊन बसले. “दुरुस्त होते ना?” असं हळूच विचारलं. मी हो म्हणालो. “आज?” मी म्हणालो, आज.

काम तासाभराचं होतं. भंगारात निघालेल्या गाड्यांचे चांगले प्लग मी काढून ठेवतो. त्यातला एक या इंजेक्टरला बसत होता. सडलेली वायर मागे मागे कापत गेलो, आत लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत. चार बोटं कापावी लागली. तिथं नवीन प्लगची वायर जोडली, डाख दिला, वर नळी चढवून गरम करून आवळली. बाकीचे तीन प्लग स्प्रे मारून साफ केले. मग बल्ब लावला. तीन नंबर, लख्ख. मामाजी म्हणाले, “आली धार.”

“ताई, चावी मारा.”

पुष्पाताईंनी चावी मारली. इंजिन सुरू झालं. एक क्षणभर अडखळलं आणि मग चारही सिलिंडर एका सुरात चालायला लागले. थरथर गेली. स्टिअरिंगवर ठेवलेला पुष्पाताईंचा हात हलत नव्हता. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून मी तीन नंबर ऐकला. टिकटिक.

पुष्पाताईंनी गाडी बंद केली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद केली. चौथ्यांदा मी म्हणालो, “ताई, आता स्टार्टर मोटर जाईल.” तेव्हा कुठं त्या हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा, असं नंतर त्याच म्हणाल्या.

कोड पुसून टाकला. वर्धा रोडनं सहा-सात किलोमीटर जाऊन आलो. पुष्पाताई चालवत होत्या, मी स्कॅनर धरून शेजारी, मामाजी मागच्या सीटवर. चढावर गाडीनं ओढलं. इंजिनचा इशाऱ्याचा दिवा लागला नाही. कोड आला नाही. परत आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता आणि चहा गार झाला होता. तोच प्यायलो.

निघताना सुपरवायझरला फोन केला. तयार केलेली वाक्यं होतीच.

“त्या व्हॅनचे पार्ट मागवू नका.”

“काऊन? दुसरीकडं मिळाले?”

“वायर सडली होती. प्लगमध्ये.”

“असं होते कधीकधी,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. माझी वाक्यं तशीच राहिली. खरं म्हणजे तो लबाड नव्हता. त्याला तपासायचा कंटाळा होता, आणि त्याच कंटाळ्यापायी त्याच दुपारी मीही ईसीएम म्हणून मोकळा झालो होतो. तरी त्याला माफ करायचा माझा विचार नाही. बल्ब लावायला दोन मिनिटं लागतात.

सोमवारचं मला पुष्पाताईंनी फोनवर सांगितलं. पावणेसातलाच व्हॅन चौकात होती. सोबत मामाजी होते, धुतलेलं धोतर नेसून. गजाननभाऊ मुलांना घेऊन आले आणि म्हणाले, “वा, झाली का दुरुस्त बाईची गाडी?” मामाजी पुढे झाले.

“गजानन, गाडी मी बिघडवलती. पोरीनं नाई.”

“काका, तुमी कायले मधात पडता?”

“मधातच पडलतो, म्हून तं बिघडली. फवारणीच्या पंपानं धुतली मी. सगळ्याइले सांगजो.”

सगळे पालक तिथंच उभे होते, त्यामुळं वेगळं कोणाला सांगायची गरज पडली नाही. अकराच्या अकरा मुलं व्हॅनमध्ये बसली. पेपरला अर्धा तास आधी पोचली. त्या दुसऱ्या गाडीवाल्याला कोणी फोन केला नाही.

या प्रकारानंतर मी माझ्या कामात एक बदल केला. आता घरी जाऊन गाडी पाहायची असली की स्कॅनर काढायच्या आधी विचारतो: गाडी कोण धुतं, कशानं धुतं, आणि ते आत्ता घरी आहेत का. लोकांना हे आवडत नाही. परवा सेलूला एक गुरुजी चिडले. म्हणाले, तुम्ही गाडी पाहायला आलात की जबानी घ्यायला? मी म्हणालो, दोन्ही. गुरुजींनी आत हाक मारली. आतून त्यांचे जावई आले, हातात पाण्याचा पाइप होता.